कोंबडीचं हरवलेलं जनुक

मंडळी, सुरुवात अंड्यापासूनच करतो. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन या दोघांनी कोंबडीच्या अंड्यातल्या वाढत्या गर्भाभोवतीचा पातळ पापुद्रा घेतला आणि त्याचे तुकडे उष्णतेने निकामी केलेल्या फ्लूच्या विषाणूंसोबत ठेवले. त्या तुकड्यांभोवती जमलेला द्रव त्यांनी ताज्या पापुद्र्यावर घातला, तर त्यावर जिवंत विषाणू वाढेचना. त्या द्रवातल्या पदार्थाला त्यांनी नाव दिलं इंटरफेरॉन. म्हणजे हे अस्त्र जगाला पहिल्यांदा दाखवलं ते कोंबडीच्या पेशींनी. आणि तीच कोंबडी जहाल बर्ड फ्लू झाला की दोन-तीन दिवसांत मान टाकते! बदक मात्र बहुतेक वेळा तोच विषाणू पोटात घेऊन खुशाल पोहत असतं. काही नवे प्रकार बदकांनाही मारतात, ते सोडा.

हा फरक कशामुळे? संशय गेला रिग-आय नावाच्या जनुकावर. त्याचं प्रथिन म्हणजे पेशीतला राखणदार. आपल्या स्वतःच्या संदेशवाहक आरएनएच्या, म्हणजे जनुकाचा निरोप वाहून नेणाऱ्या रेणूच्या, टोकाला एक रासायनिक टोपी असते. फ्लूच्या आरएनएचं टोक बोडकं, त्यावर तीन फॉस्फेट उघडे. रिग-आय नेमकं ते बोडकं टोक पकडतं. पकडताच त्याची घडी उलगडते आणि निरोप मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाघराच्या) बाहेरच्या पडद्यावरच्या प्रथिनाकडे जातो. तिथून पुढे इंटरफेरॉनचं जनुक चालू होतं आणि शेजारच्या पेशी सावध होतात.

२०१० साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या कॅथरीन मेगर यांच्या गटाने दाखवलं की हे जनुक बदकात आहे, कोंबडीत ते सापडतच नाही. बशीत वाढवलेल्या कोंबडीच्या पेशींत त्यांनी बदकाचं रिग-आय घातलं, तर त्या पेशींना विषाणूची चाहूल लागली आणि विषाणूची वाढ घटली. झालं, सगळ्यांना वाटलं की कोडं सुटलं.

पण कोंबडी अगदीच बहिरी नाही. तिच्याकडे एमडीए-५ हा दुसरा राखणदार आहे. तो एरवी लांब, दुपदरी आरएनए ओळखतो, पण कोंबडीत फ्लूचीही दखल घेतो. मग पुढची पायरी: बशीऐवजी अख्खी कोंबडी. जर्मन संशोधकांच्या गटाने काही कोंबड्यांत नुसतं रिग-आय घातलं, तर काहींत त्यासोबत त्याला चेतवणारं जोडीदार जनुकही. हे जोडीदार जनुकही कोंबडीत नसतंच. मग त्यांना बर्ड फ्लूच्या एच७एन१ या प्रकारच्या विषाणूची लागण केली.

कोंबड्या वाचायला हव्या होत्या ना? नुसतं रिग-आय असलेल्या कोंबड्या साध्या कोंबड्यांपेक्षा जास्त आजारी पडल्या, त्यांचं वजन घटतच राहिलं, विषाणूही जास्त वाढला. दोन्ही जनुकं असलेल्यांत दाह इतका भडकला की जास्त कोंबड्या दगावल्या. मला विचाराल तर या सगळ्या कहाणीतला सर्वात मोलाचा निकाल हाच.

मग बदकाला हेच जनुक कसं पचतं? एच५एन१ या बर्ड फ्लूच्या जहाल प्रकाराची लागण झाल्यावर बदकाच्या फुप्फुसात रिग-आय पहिल्याच दिवशी दोनशे पटींहून जास्त चढतं आणि तिसऱ्या दिवसापर्यंत ओसरतं. घंटा जोरात वाजते, पण वेळेवर थांबते. थांबवणारी ती सगळी यंत्रणा बदकाकडे आहे. कोंबडीत आपण नुसती घंटाच बसवली होती.