कुलूप असलेलं घर

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

पत्रिकेत विषय छापलाय 'लोकमत मोजायचं कसं'. चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली बारा सत्कारात गेली. शाल चांगली आहे, तक्रार नाही.

सुरुवातीला एक चाचणी. सर्वेक्षणवाला दारात आला तर खरं उत्तर कोण कोण देतं? हात वर करा. वा! बघा, इथेच नमुना बिघडला.

4 जून 2024ला एक्झिट पोलवाल्यांची फजिती सगळ्यांनी चवीनं पाहिली. बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेच्या पुढे नेलं होतं, मिळाल्या 293. लोक म्हणाले, मतदार खोटं बोलला. मला ते पटत नाही. माझं म्हणणं असं की, बोलला त्याच्यापेक्षा भेटलाच नाही तो माणूस जास्त घोटाळा करतो.

हे मला बीडच्या पाटोदा तालुक्यात कळलं. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एका संस्थेसाठी प्रश्नावल्या भरत हिंडायचो. नाव सांगत नाही, तिथले एक जण समोर बसलेत. मतदारयादीतून नावं आधीच काढलेली, त्याच माणसाला गाठायचं, नाही भेटला तर पुन्हा जायचं, असा नियम. प्रश्न होता, पाच वर्षांत तुमची परिस्थिती सुधारली की बिघडली? महिना डिसेंबर. बीडकर ओळखतील पुढचं. पहिल्या घराला कुलूप, दुसऱ्याला कुलूप, तिसऱ्या दारात एक म्हातारी, दोन शेळ्या आणि नातू. सगळे कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, साखर कारखान्यावर गेलेले. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल दिवाळीआधीच खर्चून झालेली. म्हातारी म्हणाली, "पाडव्याला या. तव्हा समदे घरला असतेत."

आमचा अहवाल 31 डिसेंबरला जायचा होता. सुपरवायझर म्हणाले, शेजारचं घर घ्या. शेजारच्या घरात कोण? किराणा दुकानदार, पेन्शनीतले मास्तर, बागायतदार. सगळ्यांची परिस्थिती सुधारलेली! मास्तरांनी तर चहाबरोबर चिवडाही दिला. अहवालात गाव सुखी निघालं. ती टक्केवारी मीच जोडली होती, आणि बेरीज अगदी बरोबर होती.

अमेरिकेत हेच फार मोठ्या प्रमाणावर झालंय. 1936 साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकानं सुमारे एक कोटी मतपत्रिका पोस्टानं पाठवल्या. पत्ते बरेचसे टेलिफोन आणि मोटारमालकांच्या याद्यांमधले, तेही मंदीच्या दिवसांत. वीस लाखांवर उत्तरं आली, रूझवेल्टविरुद्ध लँडन जिंकणार असं निघालं. रूझवेल्टनं 48पैकी 46 राज्यं घेतली. जॉर्ज गॅलप या सर्वेक्षणवाल्यानं कितीतरी छोट्या नमुन्यावर निकालाचा कल बरोबर सांगितला होता. दोन वर्षांत डायजेस्ट बंद. ज्यांच्याकडे फोन नव्हता ती त्यांची कुलूपबंद घरं. शिवाय ज्यांनी पत्रिका भरून पाठवलीच नाही, ती...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर मूळ विषय. शितावरून भाताची परीक्षा होते, पण पातेलं ढवळलेलं हवं. ढवळलेलं असेल तर हजार माणसांत साधारण तीन टक्के इकडेतिकडे, आणि नमुना चौपट केला तर चूक निम्मी होते, चौथाई नाही. दुसरं, मत बदललं का हे पाहायचं तर दरवेळी प्रश्न त्याच शब्दांत विचारा. 'बंदी घालावी का' आणि 'परवानगी द्यावी का' यांची उत्तरं एकमेकांना जुळत नाहीत. तिसरं, सासऱ्यासमोर सुनेला विचारू नका. लोकनीती ही निवडणुकांचा अभ्यास करणारी संस्था, तिचे लोक लुटुपुटूची मतपेटी देतात ती त्यासाठीच. चौथं, मतं म्हणजे जागा नव्हेत. 2024च्या लोकसभेला महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांच्या मतांत अर्धा टक्काही फरक नव्हता, जागा मात्र 30 आणि 17. वायव्य मुंबईचा निकाल 48 मतांनी लागला, ते कुठल्या नमुन्यात सापडणार? जातीनिहाय भारांकन, म्हणजे नमुन्यात कमी आलेल्यांच्या उत्तरांना जास्त वजन देणं, ते राहिलं, फोनवरच्या सर्वेक्षणाचं राहिलं...

दारात हॉलचे काका किल्ल्या घेऊन उभे आहेत. एकच प्रश्न घेऊ. मागे कोणी हात केला?