ळ चा शर्ट, रात्री साडेनऊला

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? आज बोलायचंय ते शाळेच्या ग्रुपवर रात्री येणाऱ्या त्या मेसेजबद्दल. उद्या मुलांनी अमुक थीमचा शर्ट घालून यावे. घरात शाळेत जाणारं मूल असेल तर तुम्हाला बरोबर कळलं असेल मी काय म्हणतेय ते. आमच्याकडं तो आला 26 फेब्रुवारीला, रात्री साडेनऊला. दुसऱ्या दिवशी 27, मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, आणि दुसरीच्या वर्गात प्रत्येकाला एकेक अक्षर वाटून दिलेलं, ते शर्टवर हवं. माझ्या लेकीच्या वाट्याला आला ळ.

ती रडायलाच लागली हो. क वाला कमळ लावेल, ग वाला गणपती लावेल, ळ नं सुरू होणारा शब्दच नाही तर मी काय लावू? तक्त्यात असतो ना, ळ बाळाचा, पण दुसरीतल्या मुलीला छातीवर बाळ लावून जायचं नव्हतं. मला तिचं पटलं.

त्यात धुतलेला, कोरा, तिच्या मापाचा पांढरा टी-शर्ट एकच, आणि त्याच्यावर बरोबर पोटावर आमटीचा पिवळा डाग. हळदीचा डाग तुम्हाला माहितीय, साबण लावला की लालच होतो, मग उन्हात टाकला की फिका पडतो, पण रात्री ऊन आणायचं कुठून. मी तो शर्ट हातात धरून उभी आणि सासूबाई म्हणाल्या, अगं हळदीत ळ आहे, डाळीत पण ळ आहे, त्या डागावरच लाव की अक्षर. तिथून आमची गाडी सुरू झाली.

आता कसं केलं ते नीट सांगते, कारण हे कुठल्याही अक्षराला, आकड्याला, फुलाला चालतं. ळ कापडातून कापायचा म्हणजे कठीण, दोन गोल आणि आतली पोकळी, कात्री फिरता फिरत नाही. म्हणून आम्ही कापलाच नाही, दोरीनं काढला. दोरी कसली, तर ह्यांचा एक जुना निळा टी-शर्ट होता, काखेच्या खालून आडवा कापायचा, दोन बोटं रुंद पट्ट्या काढायच्या, म्हणजे प्रत्येक पट्टीचं कडं तयार होतं. ते एका जागी कापून दोन्ही टोकं धरून जोरात ओढा. कापडाच्या कडा आपोआप आत वळतात आणि छान गोल दोरी होते! होजियरीचं कापड असल्यानं दोरे सुटत नाहीत, टीप मारायला नको, काही नको. मोठ्या माणसाच्या एका पट्टीतून मीटरभर दोरी निघते, लहान मुलाच्या शर्टवरच्या एका अक्षराला तेवढी पुरते. हे ओढायचं काम मुलांना द्या, लेकीनं रडणं थांबवून सहा पट्ट्या ओढल्या.

वरची रेघ मात्र मला चांगली हवी होती. आजेसासूबाईंची इरकल होती, मधे पार विरलेली, पण काठ अजून घट्ट. जुन्या साड्यांचं असंच असतं बघा, अंग विरतं तरी काठ टिकतो, म्हणून तर गोधडीला कडेनं काठ लावायचे. त्याचा वीतभर तुकडा घेतला, दोन्ही टोकं आत दुमडली, आणि ती झाली ळ ची शिरोरेघ. खरं सांगते, बाजारातला कुठलाही छापील शर्ट त्याच्यासमोर फिका आहे.

शिवताना शर्टच्या आत पुठ्ठा सरकवा, नाहीतर पुढचा आणि मागचा भाग एकत्र शिवला जातो. खडूनं अक्षर काढून घ्या, त्याच्यावर दोरी ठेवत जा आणि दोन-दोन बोटांवर वरून एकेक आडवा टाका घाला. गाठी बाहेरच्या बाजूला, दोरीखाली लपवा, आत ठेवल्या तर मुलांच्या अंगाला टोचतात आणि ती दिवसभर खाजवत बसतात. लहान मुलांना सेफ्टी पिना लावून पाठवू नका, कृपा करून. आणि जुन्या फ्लेक्सचे तुकडे कुणी सुचवलेच तर नको म्हणा, फेब्रुवारीच्या शेवटाला ऊन चढलेलं असतं, त्याच्यात मुलं घामाघूम होतात. कापडी दिसणाऱ्या त्या बाजारच्या पिशव्या चालतील, कापायला सोप्या असतात, पण त्यांच्यावर गरम इस्त्री ठेवू नका, वितळतात.

पाऊण तासात झालं सगळं. एका सुती टी-शर्टमागे कापूस पिकवण्यापासून धरलं तर साधारण 2700 लिटर पाणी जातं असा अंदाज सांगतात, आणि आपण एका दिवसाच्या थीमसाठी नवा घेतो, तो परत कुणी घालत नाही. यवतमाळकडं ज्या शेतात तो कापूस होतो तिथं पाण्याचे काय हाल असतात ते आपल्याला माहिती आहे ना, मला ते फार लागतं मनाला. आमचे टाके कच्चे होते, संध्याकाळी उसवले की शर्ट परत साधा, दोरी डब्यात, काठ डब्यात.

पण तेव्हा ते उसवता आले नाहीत, कारण झोपायच्या आधी लेकीनं स्वतःच एक आयडिया काढली होती. पाठीवर जुन्या उशीच्या अभ्र्याचा पांढरा चौकोन लावायला लावला मला आणि दप्तरात स्केचपेन टाकलं. शाळेत सगळ्यांना सांगितलं, ज्याला ळ चा शब्द येतो त्यानं माझ्या पाठीवर लिहा. घरी आली तेव्हा पाठ भरलेली, फळा, केळी, टाळ, गूळ, सावळी, नळ, पोळी, दोनदा शाळा, आणि खाली एका कोपऱ्यात, जागा संपली म्हणून वळवून वळवून लिहिलेला, मुंगळा.