‘इकडे सर्व खुशाल’ लिहू नका

(वसईतील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण, ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडे संपादित केलेले.)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘परदेशी मिशनवरील मुलांशी कुटुंबाचा संपर्क’. मला चाळीस मिनिटं दिली आहेत. इथे बसलेल्या बहुतेक घरांतून कुणी ना कुणी गेलेलं आहे. कुणाचा मुलगा, कुणाची बहीण सिस्टर झालेली, कुणाचा काका. त्यामुळे मिशन म्हणजे काय, व्रतं कुठली, हे मी तुम्हाला सांगत बसत नाही.

माझे दोघे गेले. थोरला पापुआ न्यू गिनीत, धाकटा घानात. दोघेही एसव्हीडी, म्हणजे सोसायटी ऑफ द डिव्हाइन वर्ड ह्या मिशनरी संघाचे. गाव त्यांना फादर म्हणतं, मी अजून ‘अरे’ म्हणते. थोरल्याच्या गुरुदीक्षेच्या दिवशी आमच्या ह्यांनी मला कोपर मारून बजावलं होतं, आता ‘अहो’ म्हणायचं. मी म्हटलं, वेदीपाशी अहो, चुलीपाशी अरे. हे समोर बसले आहेत आणि हसताहेत, म्हणजे त्यांनाही आठवतंय. पुढे त्यांच्याविषयी थोडं बोलणार आहे, ते त्यांची परवानगी घेऊनच.

मी तेहेतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, म्हणून माझी गाडी आधी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण लिहिणाऱ्या इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्सच्या दारात थांबते. ख्रिस्तपुराणातली मराठीची स्तुती तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. शाळेत मुलांकडून मी ती म्हणवून घ्यायचे. पण मराठीला हरळांमधलं, म्हणजे खड्यांमधलं, रत्न म्हणणाऱ्या ह्या माणसालाही आईबाप होते, आणि तो त्यांना सोडून आला होता, हे माझ्या ध्यानात आलं ते माझा स्वतःचा मुलगा गेल्यावर.

४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून पाच जहाजं निघाली, त्यांतल्या एकावर स्टीफन्स होता. गोव्याला पोचला २४ ऑक्टोबरला. साडेसहा महिने पाण्यावर. आणि उतरल्यावर अठराव्या दिवशी, १० नोव्हेंबरला, त्याने इंग्लंडमध्ये वडिलांना पत्र लिहिलं. ते पत्र आज आपल्याला वाचायला मिळतं, कारण हॅक्लुट नावाच्या गृहस्थाने १५८९ मध्ये ते आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापलं.

त्या पत्रात काय आहे? सुरुवातीला वडिलांचा आशीर्वाद मागितलाय, आईला नमस्कार सांगितलाय. मग लिहितो की इटलीहून पोर्तुगालला निघताना पाठवलेलं पत्र तुम्हाला मिळालं असेल असं धरून चालतो, म्हणून मी का निघालो हे परत लिहीत नाही. एका शब्दात सांगायचं तर, आज्ञापालन. बस. इंग्लंडात एलिझाबेथ राणीचं राज्य, कॅथलिक असणंच जोखमीचं, त्यात पोरगा जेझुइट झालेला, आणि बापाला तो एका शब्दात कारण सांगतो. आमच्या थोरल्याने हे कारण सांगायला संपूर्ण गणपतीची सुट्टी घेतली होती.

पुढे सगळा प्रवास आहे. वारा पडला की जहाज कसं जागच्या जागी उभं राहतं, केप ऑफ गुड होपला काय झालं, कुठले पक्षी दिसले. हिरड्या सुजून पाय सुजण्याचा तो रोग, आपण आज स्कर्व्ही म्हणतो तो, दीडशेहून जास्त जणांना झाला, सत्तावीस मेले. हे तो आईच्या घरी पाठवलेल्या पत्रात लिहितो! लपवत नाही. आणि शेवटाला येतं माझं आवडतं वाक्य. म्हणतो, इथल्या झाडाफळांचं आता लिहीत नाही, नाहीतर अजून एक एवढंच पत्र होईल. युरोपात पाहिलेलं एकही झाड मला इथे दिसलं नाही, एक द्राक्षाचा वेल सोडून. आणि प्यायला काय, तर चांगलं पाणी, नाहीतर माडाची दारू आणि नारळ. बघा, आपली माडी १५७९ साली इंग्लंडला कळवली गेली! मुलगा पोचला की पहिलं काय सांगतो? जेवायला काय मिळतं, प्यायला काय मिळतं. आमच्या थोरल्याच्या पहिल्या पत्रात रताळी होती. सकाळी रताळी, दुपारी रताळी, आणि सणाला डुकराबरोबर रताळी.

चार वर्षांनी, १५८३ मध्ये, स्टीफन्सने भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिलं. इथल्या भाषा कानाला गोड आहेत आणि त्यांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी जुळते, असं त्यात आहे. भाषापंडित ह्या पत्राचा मोठा मान ठेवतात. मला त्यात एक भाऊ दिसतो, घरी सांगतोय की अरे, इथली भाषा ऐक, काय सुंदर आहे. त्यानंतर तेहेतीस वर्षांनी, १६१६ मध्ये, गोव्यात राशोलला ख्रिस्तपुराण छापून झालं. म्हणजे मराठीवरचं त्याचं प्रेम आपल्या हाती पुराण म्हणून यायच्या आधी त्याच्या घरी पत्रातून पोचलं होतं.

आता माझा मुद्दा. मुलाचं पत्र आपल्यापुढे आहे. बापाचं उत्तर कुठे आहे? मुलाच्या पत्रात समुद्राची माहिती होती, व्यापाऱ्यांना ती हवी होती, म्हणून छापली गेली. बापाने लिहिलं असेल की छप्पर शाकारलं, आईचा गुडघा दुखतो, शेजारच्या अमक्याचं लग्न झालं. ते कोण छापणार? ते कोण जपून ठेवणार? मिशनचा इतिहास गेलेल्यांच्या पत्रांवर उभा आहे. मागे राहिलेल्यांची पत्रं वाऱ्यावर गेली.

आणि ज्यांना ती मिळायची, त्यांच्यासाठी ती किती मोलाची होती! संत फ्रान्सिस झेवियरने १५४६ मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या अंबॉन बेटावरून लिहिलंय की सोबत्यांनी स्वतःच्या हाताने पत्रांवर केलेल्या सह्या त्याने कापून घेतल्या आणि त्या तो अंगावर बाळगायचा. अख्खं पत्र नाही, नुसती सही. जून १५५३ मध्ये जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियसने त्याला रोमहून पत्र लिहिलं, परत ये म्हणून. झेवियर चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर आदल्या डिसेंबरातच वारला होता. जवळजवळ सात महिने झाले होते, तरी रोमला पत्ता नाही. आणि आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर गेला. त्या गावाहून ह्या गावापर्यंतचं पाणी नकाशावर बोटाने मोजून बघा. मी कितीदा मोजलंय.

त्या काळी उशीर समुद्र करायचा. आमच्या घरात उशीर आम्हीच केला. तेच सांगायला मी आज आले आहे, आणि त्याला जरा वेळ लागेल.

थोरला २००० च्या जानेवारीत गेला. माउंट हेगनच्या बाजूचा डोंगराळ मुलूख. राजधानी पोर्ट मोर्सबीहून तिथे जायला रस्ताच नाही, विमानाने जायचं. पत्राला तीन-चार आठवडे सहज लागत. मोबाइल तिकडे पसरला तो २००७ नंतर. तोवर निळा एअरोग्राम. आमचे हे विरार लोकलमध्ये चर्चगेटपर्यंत मांडीवर बॅग ठेवून लिहायचे. अक्षर गाडीच्या हिसक्याने उडालेलं. पण पत्र नेमाने, दर पंधरा दिवसांनी. आणि प्रत्येक पत्राची पहिली ओळ, ‘इकडे सर्व खुशाल. तिकडची खुशाली कळवणे.’ मग हवामान, मग पावसाचं प्रमाण, मग कोण वारलं. खाली माझ्या दोन ओळी, जपून राहा, जेवत जा. मी मराठीची शिक्षिका, दुसऱ्यांच्या मुलांकडून निबंध लिहून घेणारी, स्वतःच्या मुलाला दोन ओळी.

२००२ च्या पावसाळ्याआधी आमच्या वाडीमागचं बावखल बुजवलं. इथे बावखल काय ते सांगायला नको, वाडीतलं तळंच ते. आमचं ते चुलत घराच्या वाटणीत होतं, त्यांनी जागा दिली, भरावाचे ट्रक आले, आठ दिवसांत सपाट झालं. कडेचे दोन उंबर गेले. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं. मी रोज बघत होते. ह्यांनी काय लिहिलं? इकडे सर्व खुशाल. मी म्हटलं, अहो, कळवा ना त्याला. हे म्हणाले, तो तिथून काय करणार आहे, उगाच जीवाला घोर. मीही गप्प बसले. हे दोघांचं आहे, एकट्या ह्यांच्या माथी मारायचं नाही.

२००४ मध्ये तो पहिल्या सुट्टीवर आला. रिक्षातून उतरला, आत आला, माझ्या गळ्यात पडला, पाणी प्यायला. आणि चप्पलसुद्धा न घालता मागच्या दाराने गेला. लहानपणी तो आणि धाकटा केळीच्या खांबाला धरून त्याच बावखलात पोहायला शिकले होते. खंड्या कुठल्या फांदीवर बसतो हे त्यांना ठाऊक होतं. मी दारात उभी. तो भिंतीपाशी थांबला. भिंतीपलीकडे गाड्या लावलेल्या.

खूप वेळाने आत आला. बॅग उघडली आणि गुंडाळलेला एक मोठा कागद काढला. त्याच्या धर्मग्रामातल्या पोरांनी माझ्यासाठी चित्र काढून दिलं होतं. निळं चौकोनी तळं, कडेला दोन झाडं, एका फांदीवर निळा पक्षी. योहानाच्या शुभवर्तमानात बेथेस्थाच्या तळ्याची कथा येते ना, तेव्हा प्रवचनात तो त्यांना दरवर्षी सांगायचा, माझ्या घरामागेही एक तळं आहे. त्यांच्या तोक पिसिन भाषेत तळ्याला ‘रौनवारा’ म्हणतात. फादरचा रौनवारा त्या डोंगरातल्या प्रत्येक पोराला ठाऊक होता. आणि तो दोन वर्षांपूर्वीच मातीखाली गेला होता.

तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, ‘आई, तुम्ही मला कळवलं नाहीत. मी दोन वर्षं त्या मुलांना खोटं सांगत होतो.’

ते चित्र आमच्या घरात लावलंय. या कधी, बघायला.

त्या दिवसापासून पत्रं मी लिहू लागले. खाली कार्बन घालून. एक प्रत त्याला, एक डब्यात. विहीर, वाटण्या, माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन, वाडीतली कुठली केळी पडली, ह्यांचं आणि माझं भांडण, सगळं. हे सुरुवातीला नाराज होते. नंतर एकदा थोरल्याने ह्यांना वेगळं पत्र लिहिलं. त्यात काय होतं ते मला आजवर वाचायला मिळालेलं नाही, पण तेव्हापासून ह्यांच्या पत्रातली ती पहिली ओळ गेली.

दहा मिनिटं राहिल्याची चिठ्ठी आली आहे. संपर्क कसा ठेवायचा, हे सांगायचं कबूल केलं होतं, ते आता भराभर सांगते.

वेळ ठरवून ठेवा आणि ती मोडू नका. आम्ही सोमवारी दुपारी साडेतीनला बोलतो. तेव्हा माउंट हेगनला रात्रीचे आठ, घानात सकाळचे दहा. भाऊ-भाऊ एकमेकांपासून दहा तासांवर आहेत, आमचं घर मध्ये. रविवारी नको, रविवारी दहाला धाकटा मिस्सा करतो आणि त्याचं लक्ष घड्याळात राहतं.

वाईट बातमी असेल तर त्याच दिवशी, आणि तुम्ही स्वतः सांगा. ती गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून त्यांना कळता कामा नये. तुम्ही लपवलंत की तेही लपवतात. धाकट्याने पहिल्या वर्षी दोनदा मलेरिया अंगावर काढला आणि आम्हाला लिहिलं, थोडी कणकण होती. हे तो शिकला कुठून? आमच्याच पत्रांतून.

‘कधी येणार’ हे दर फोनला विचारू नका. त्यांच्या हातात नसतं. तुम्ही विचारता, ते अपराधी होतात, आणि पुढचा फोन लांबणीवर पडतो. त्यांचा व्हॉइस मेसेज पुढे पाठवू नका, तो तुमच्या एकट्यासाठी रडलेला असू शकतो.

त्यांच्याशी घरच्या बोलीत बोला. दिवसभर ते परक्या भाषेत पाप ऐकतात, परक्या भाषेत सांत्वन करतात. थोरला एकदा म्हणाला की सहा महिने त्याने स्वतःच्या तोंडून आपली बोली ऐकलीच नव्हती, म्हणून तो आंघोळीला गेला की मोठ्याने माझ्याशी भांडायचा.

आणि त्यांच्या कामाचं विचारा. माणसांची नावं विचारा, पुढच्या वेळी ती नावं लक्षात ठेवा. माझ्या रोजच्या जपमाळेत डोंगरातल्या सात बायका आहेत ज्यांना मी कधी पाहिलं नाही. त्यांतल्या एकीने मला विणलेली बिलुम पाठवली आहे, तिथल्या बायका डोक्यावरून पाठीशी सोडतात ती पिशवी. हीच ती. आज माझी कागदपत्रं मी हिच्यातून आणली आहेत.

फोन असताना पत्र कशाला, असं मघाशी दारात एकाने विचारलं. फोनवर आम्ही एकमेकांचे चेहरे बघतो आणि दोघेही हसरा चेहरा करतो. कागदापुढे चेहरा करावा लागत नाही. शिवाय लाइट गेली की थोरला जुनं पत्र काढून वाचतो. महिन्यातून एक लिहा. हाताने. आणि प्रत ठेवा, फोटो काढून ठेवलात तरी चालेल.

वेळ संपली. माझा डबा ह्या बाजूच्या टेबलावर ठेवलाय. २००४ पासूनच्या सगळ्या प्रती त्यात आहेत. ज्यांना बघायच्या असतील त्यांनी बघा, पण तारखेप्रमाणे लावलेल्या आहेत, क्रम तेवढा मोडू नका. कार्बनची शाई बोटांना लागते. शेजारी ओला रुमाल ठेवलाय.