गाडी इथली, विक्री बाहेरची

(न्यू मेक्सिको. सांता फेच्या उत्तरेला, हायवेलगतची बैठी इमारत.)

हे पूर्वी जुगारघर होतं. सप्टेंबर 2021 पासून इथे टेस्लाचं विक्री आणि दुरुस्ती केंद्र आहे. जागा नांबे प्वेब्लो या मूळनिवासी जमातीची. गाडी बनवणाऱ्याने ती थेट ग्राहकाला विकायची नाही, मध्ये डीलर हवाच, असं न्यू मेक्सिकोचा कायदा सांगतो. जमातीच्या जमिनीवर तो लागू होत नाही. तोवर इथल्या टेस्लामालकांना दुरुस्तीलाही शेजारचं राज्य गाठावं लागे.

(जुनी चित्रफीत. मॉडेल टीच्या रांगा.)

1920-21 ची मंदी. न मागवलेल्या गाड्या फोर्डने डीलरांच्या गळ्यात मारल्या. रोख भरा, उतरवून घ्या. नाहीतर डीलरशिप गेली. डीलरांनी कर्जं काढली. असल्या दांडगाईला आवर घालायला पुढे राज्याराज्यांत कायदे झाले, 1956 मध्ये केंद्राचाही झाला. तेव्हा ते रास्तच होतं. स्वतःच्याच डीलरसमोर कंपनीने दुकान थाटू नये, हा हेतू. पण टेस्लासारखी कंपनी, जिने एकही डीलर नेमलेला नाही, तिचं काय?

(मिशिगन. विधेयकाचं पान, खोडलेल्या शब्दावर कॅमेरा.)

हा शब्द बघा: ‘इट्स’, म्हणजे ‘आपल्या’. आधीच्या कलमानुसार कंपनीने नवी गाडी ‘आपल्या’ डीलरांखेरीज विकायची नव्हती. आपले डीलरच नसतील तर कलम लागू कसं होणार, असा युक्तिवाद करायला जागा होती. ऑक्टोबर 2014 मध्ये गव्हर्नर रिक स्नायडर यांनी सही केली आणि शब्द गेला. उरलं नुसतं ‘डीलर’. कोणाचे का असेनात. 2016 मध्ये टेस्ला कोर्टात गेली. जानेवारी 2020 मध्ये तडजोड झाली: गाडी मिशिगनमध्ये ताब्यात मिळेल, मालकीचे कागद मात्र आधी दुसऱ्या राज्यात होतील.

(ऑस्टिन. कारखान्याचं हवाई दृश्य.)

टेस्लाचा टेक्सासमधला कारखाना, एप्रिल 2022 मध्ये सुरू झालेला. टेस्लाची मॉडेल वाय इथेच बनते, पण थेट विक्रीला इथेही मनाई, म्हणून टेक्सासच्या गिऱ्हाइकासाठी तिची विक्री कागदोपत्री राज्याबाहेर होते. 2013 च्या सुमारास टेस्लाच्या इथल्या ‘गॅलऱ्यां’त, म्हणजे नुसत्या प्रदर्शनाच्या दालनांत, गाडीत बसून बघता येई. किंमत विचारली तर कर्मचाऱ्याला सांगायची मनाई, चालवून बघणंही बंद. गाडीवर 6.25 टक्के कर. कर मात्र टेक्सासच घेतं!

(कनेक्टिकट. मोहिगन सन कॅसिनो.)

इथेही तोच कायदा, तोच तोडगा. 2023 पासून टेस्लाचं दालन जमातीच्या कॅसिनोत आहे.