मूत्राशयाच्या कर्करोगावरील केमोथेरपी : मुकाट्याने सोसू नका

सभेला जमलेल्यांपैकी बरेच जण स्वतः उपचार घेत आहेत किंवा घरातल्या कुणाची तरी सोबत करत आहेत, म्हणून सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. केमोथेरपी म्हणजे सहनशक्तीची परीक्षा आहे आणि तक्रार न करणारा रुग्ण म्हणजे चांगला रुग्ण, ही समजूत आपल्या मनात फार खोल रुजलेली आहे. मूत्राशयाच्या कर्करोगात ती घातक ठरू शकते. या आजारात गेली अनेक दशके आमची भिस्त सिस्प्लॅटिन या औषधावर आहे, आणि त्याचा पुढचा डोस द्यायचा, कमी करायचा की औषधच बदलायचे, हे आम्ही रक्ताच्या तपासणीइतकेच रुग्णाच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींवरून ठरवतो.

हा उपचार सगळ्यांनाच लागत नाही. आजार मूत्राशयाच्या आतल्या अस्तरापुरता असेल, तर दुर्बिणीतून गाठ खरवडून काढतात आणि गरजेप्रमाणे माइटोमायसिनसारखे औषध किंवा बीसीजी (क्षयरोगाविरुद्धची तीच लस) नळीवाटे थेट मूत्राशयात सोडतात. त्याचा त्रास बहुधा लघवीची जळजळ आणि वारंवार लघवीला लागणे इतकाच असतो. गाठ स्नायूच्या थरात शिरली की मात्र चित्र बदलते. अशा रुग्णांत मूत्राशय काढण्यापूर्वी शिरेतून केमो दिल्याने काय साधते, हे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने दाखवले : केवळ शस्त्रक्रिया झालेल्या गटाचे मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ, 46 महिने होते, तर आधी चार औषधांची केमो घेतलेल्या गटाचे 77 महिने. त्या चार औषधांपेक्षा जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन ही जोडी पुष्कळ रुग्णांना अधिक सोसते, म्हणून आज अनेकांना तीच मिळते. साधारणपणे पहिल्या दिवशी दोन्ही औषधे, आठव्या दिवशी फक्त जेमसिटाबिन, आणि एकवीस दिवसांनी पुढचे सत्र, असा तिचा क्रम असतो.

या एकवीस दिवसांना स्वतःची एक चाल असते आणि ती ओळखीची झाली की भीती बरीच कमी होते. पहिले चार-पाच दिवस मळमळीचे. सिस्प्लॅटिनची उलटी दोनदा गाठते : एकदा पहिल्या चोवीस तासांत आणि नंतर पुन्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, जेव्हा रुग्ण घरी परतलेला असतो आणि ‘आता सुटलो’ असे त्याला वाटू लागलेले असते. म्हणून घरी नेण्यासाठी दिलेल्या गोळ्या मळमळ सुरू होण्याची वाट न पाहता, लिहून दिलेल्या वेळेला घ्यायच्या असतात. आज ऑनडॅन्सेट्रॉन, डेक्सामेथासोन, अप्रेपिटंट, ओलान्झापिन अशी औषधे हाताशी आहेत. एकाने भागले नाही तर दुसरे जोडता येते, पण मागच्या वेळी भागले नव्हते हे आम्हाला कळले तरच.

दुसऱ्या आठवड्यात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट खाली येतात. या काळातला ताप हा नेहमीचा ताप नव्हे. थर्मामीटरवर 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट दिसले, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयाला फोन करायचा आणि सांगतील तसे ताबडतोब निघायचे. पॅरासिटामॉल घेऊन सकाळपर्यंत बघू, असे कृपा करून कुणी म्हणू नका. गोळीने आकडा खाली येतो, रक्तातला जंतुसंसर्ग मात्र वाढत राहतो, आणि पांढऱ्या पेशी नसलेल्या शरीरात तो काही तासांत जिवावर बेतू शकतो.

मूत्रपिंडांविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण या आजाराची खरी अडचण तिथे आहे. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांना इजा करते, म्हणून ते सलाईनच्या भरपूर पाण्यासोबत आणि बहुतेकदा मॅग्नेशियम मिसळून दिले जाते. पण मूत्राशयातली गाठ कधी कधी मूत्रवाहिनीचे, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणाऱ्या नळीचे, तोंडच दाबून धरते, त्यामुळे मूत्रपिंडे आधीच कमजोर झालेली असतात. त्यात लघवीला जळजळते, सारखे उठावे लागते, म्हणून रुग्ण स्वतःहून पाणी कमी करतो. हे अगदी समजण्यासारखे आहे, पण नेमके तेच सर्वांत महागात पडते. जळजळ आणि घाई यांवर औषध आहे. ते मागून घ्या आणि पाणी डॉक्टरांनी सांगितले तितके पीत राहा. उलट्यांमुळे पाणीही पोटात टिकत नसेल तर कळवायला दिवसभर थांबू नका. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका, तीही मूत्रपिंडांवरच ताण आणतात.

लघवीच्या रंगाबद्दलही आधीच सांगून ठेवायला हवे. ज्यांच्या औषधांत डॉक्सोरुबिसिन (वर सांगितलेल्या चार औषधांपैकी एक) असते त्यांची लघवी नंतरचा एक-दोन दिवस लालसर होते, कारण ते औषधच लाल आहे. ज्या माणसाच्या आजाराची सुरुवातच लघवीतल्या रक्ताने झाली, त्याला हा रंग पाहून काय वाटत असेल याची कल्पना करा; आणि तरी ही एवढीशी सूचना द्यायची कितीदा तरी राहून जाते. जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांना मात्र हे लागू नाही. त्यांना लाल लघवी दिसली तर ती कळवायलाच हवी, विशेषतः प्लेटलेट उतरलेल्या आठवड्यात.

सर्वाधिक लपवले जातात ते कानांचे आणि बोटांचे त्रास. एक गृहस्थ तपासणीला आले. काही त्रास नाही, असे ते ठामपणे म्हणत होते. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, “हल्ली ह्यांच्या शर्टाची बटणं मीच लावते.” मी टेबलावर एक नाणे ठेवले आणि उचलायला सांगितले. त्यांनी ते सरकवत टेबलाच्या कडेपर्यंत आणले आणि तळहातावर पाडून घेतले. चिमटीत धरता येतच नव्हते. कानात सतत बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, हेही मग निघाले. उपचार थांबतील या भीतीने ते गप्प होते. ती भीती मला कळते. पण सिस्प्लॅटिनमुळे गेलेली ऐकण्याची शक्ती सहसा परत येत नाही, आणि बोटांची बधिरता तर औषध थांबल्यावरही काही महिने वाढत राहू शकते. मुंग्या सुरू होताच कळले, तर डोस विभागून देणे किंवा औषध बदलणे असे पर्याय उरतात.

तोंड आले तर मीठ आणि खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने दिवसातून अनेकदा गुळण्या कराव्यात. थकव्याचे म्हणाल, तर तो झोपून जात नाही. रोज झेपेल तितके चालणाऱ्यांना तो कमी जाणवतो, हे अभ्यासांतूनही दिसले आहे.

घरच्यांसाठी एक सूचना आहे. औषध दिल्यानंतर साधारण दोन दिवस त्याचा अंश लघवीतून आणि उलटीतून बाहेर पडतो. त्या काळात रुग्णाने बसून लघवी करावी आणि झाकण लावून दोनदा पाणी सोडावे. कपडे किंवा चादर खराब झाल्यास हातमोजे घालून ती वेगळी धुवावीत. रुग्णाजवळ बसायला, त्याचा हात धरायला किंवा नातवंडांनी त्याला बिलगायला यात कोणतीही आडकाठी नाही.