बोलण्यापुरता आडोसा

(ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘ताणतणाव आणि ऑनलाइन समुपदेशन’. त्यावर बोलणारच आहे. पण एक गोष्ट माझ्या मनात फार दिवस घर करून बसली आहे, ती आधी सांगते. लोक मला विचारतात, नेट कोणतं घ्यावं, व्हिडिओ लागतो का, लॅपटॉप लागतो का. मी त्यांना विचारते, तुमच्या घरात अशी जागा आहे का, जिथे पाऊण तास तुमचं बोलणं दुसऱ्या कोणाच्या कानावर पडणार नाही? बहुतेकांना याचं उत्तर पटकन देता येत नाही.

आपली घरं तुम्हाला ठाऊक आहेत. पुढे ओटा, मध्ये बैठक, मागे स्वयंपाकघर, आणि दार दिवसभर सताड उघडं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ ला टेकला की सगळं घर एका कूलरसमोर. रात्री गच्चीवर ओळीने अंथरुणं. अशा घरात एखाद्या बाईने फोन घेऊन आतून कडी लावली, की लगेच बाहेरून प्रश्न, ‘कोणाशी बोलते गं?’ त्यात फोन स्पीकरवर टाकायची आपली सवय. एका ताईंना झोप लागत नव्हती. मी विचारलं, ‘घरात कोणाचा आधार वाटतो?’ उत्तर आलं सासूबाईंचं, ‘आम्ही आहोत ना मॅडम, सगळे!’ (हशा) सासूबाई अगदी मनापासून बोलल्या. पण ताईंना जे सांगायचं होतं, ते त्या दिवशी राहून गेलं.

आणि काही नवरे स्वतःच फोन करतात. ‘तिला नीट सांगता येत नाही, मीच सांगतो.’ हे मला फार खटकतं. इथे बसलेल्या सगळ्या दादा-भाऊंना हात जोडून सांगते, तिला सांगू द्या. अडखळत, रडत, अहिराणीत, जसं येईल तसं. ‘जीव घाबरस’ एवढं ती म्हणाली तरी माझं काम सुरू होतं.

आता एका गृहस्थांची गोष्ट. त्यांना आपण अप्पा म्हणू. परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय. रावेरकडचे, पन्नाशीच्या आतले. घडावर आलेली केळीची बाग जूनच्या वादळात एका दुपारी आडवी झाली. केळीला लागणीपासून कापणीपर्यंत वर्ष जातं, म्हणजे वर्षाचं खत, मजुरी, पाणी, सगळं मातीत. वर पीककर्ज, वर मुलीची फी. रात्री छातीत धडधड व्हायची. ईसीजी नॉर्मल आला आणि ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगून घरी पाठवलं. कसं घ्यायचं नाही, ते कोणी सांगितलं नाही.

एकत्र कुटुंब, बोलायला कोपरा नाही. पहिला फोन त्यांनी एसटी स्टँडवरून केला, गाड्यांच्या घोषणांमध्ये. मग मी विचारलं, दिवसभरात तुम्ही एकटे कधी असता? ते म्हणाले, शेतीची थ्री फेज लाइट रात्रीची असली की मोटार चालू करायला मी एकटाच जातो. झालं! मोटारीची खोली, रात्री साडेनऊ. खाटेवर बसायचे, फोन स्टार्टरच्या पेटीवर टेकवलेला, कानात इअरफोन. मध्येच म्हणायचे, ‘ताई, व्हॉल्व्ह बदलून येतो.’ ठिबकचं पाणी दुसऱ्या भागाला सोडून पाच मिनिटांत परत. आणि गंमत अशी, की खरी गोष्ट नेहमी त्या पाच मिनिटांनंतर निघायची. कर्जाचा खरा आकडा वडिलांना सांगितलेला नाही, हे असंच कळलं. मग आम्ही फक्त त्यावर काम केलं. आकडा आधी वहीत लिहायचा, कोणत्या वेळी सांगायचा, पहिलं वाक्य कोणतं. ते वाक्य त्यांनी मला मोठ्याने म्हणून दाखवलं, घशात अडकलं, पुन्हा म्हणून दाखवलं. कॅमेरा आम्ही कधीच लावला नाही. चेहऱ्यासमोर चेहरा असता तर अप्पा एवढं बोलले नसते, असं माझं मत आहे.

रात्री शेतात एकटा, खचलेला माणूस. म्हणून पहिल्याच दिवशी मी स्पष्ट विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? फवारणीचं औषध कुठे आहे? ते भावाच्या ताब्यात, कुलपात ठेवायला लावलं. हे विचारल्याने कोणाच्या डोक्यात नको ते भरत नाही. कोणीतरी विचारलं, याने माणूस मोकळा होतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. तेव्हा पद्धत भरभर सांगते.

पहिल्या फोनवर मी विचारते, आत्ता कुठे आहात, घरात कोण आहे, अडचणीत कोणाला फोन करू, जवळचं रुग्णालय कोणतं. लाइन तुटली तर फोन मीच करणार. कोणी खोलीत आलं तर ‘बियाण्याचं नंतर बघू’ म्हणायचं, मी समजून घेते. रेकॉर्डिंग दोघांनीही करायचं नाही. मग झोपेची नोंद, श्वास सोडताना जास्त वेळ घेण्याचा सराव, चिंतेसाठी संध्याकाळची ठरलेली २० मिनिटं आणि इतर वेळी आलेली चिंता वहीत टिपून त्या वेळेवर ढकलणं. मनात येणारा विचार खरा की भीतीने मोठा झालेला, हे पुरावा मांडून तपासणं. ही पद्धत अमेरिकेत ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात बसवली, आणि चिंता-नैराश्यात ती ऑनलाइनही चांगली लागू पडते, असं अभ्यासांत दिसलं आहे.

ऑनलाइन कुठे चालत नाही, तेही ऐका. जीव देण्याची तयारी झालेली असेल, भास होत असतील, घरात मारहाण असेल, दारू अचानक सोडल्यावर हातपाय थरथरत असतील, तर प्रत्यक्ष डॉक्टरांकडेच जायचं. समुपदेशक गोळ्या लिहून देत नाही, ते काम मानसोपचारतज्ज्ञांचं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याला भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक बेधडक विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा तुमचा हक्क केला आहे. आणि पैसे नसतील तर १४४१६ लावा. ही टेलिमानस सेवा, सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली. मोफत, दिवसरात्र, मराठीतही.

शेवटी या ग्रंथालयाकडे एक मागणं आहे. मागे जुन्या अंकांची खोली आहे, दुपारी ती रिकामी असते असं चिटणीस मघाशी म्हणाले. तिथे एक खुर्ची, पंखा आणि आतून कडी, एवढं करा. कोण आलं, कोणाशी बोललं, याची नोंद ठेवायची नाही. अंक हलवायला माणसं लागतील. ज्यांची तयारी आहे त्यांनी आभारप्रदर्शनानंतर थांबा, मीही थांबते.