तुला कुठे सोडू?

मंडळी, शाळकरी प्रेमाच्या सिनेमात ऐपतीतला फरक संवादातून सांगितला की तो प्रसंग पडलाच म्हणून समजा. फरक दिसायला हवा, आणि तो सगळ्यांत ठळक दिसतो घरी सोडायच्या वेळी. वर्गात दोघं शेजारच्या बाकांवर असतात. घंटा झाली की, नाशकात म्हणाल तर, एक सातपूरच्या कामगार वस्तीकडे जाणाऱ्या बसला, दुसरी गंगापूर रोडच्या बंगल्याकडे.

१९८६ चा 'प्रिटी इन पिंक' घ्या. पटकथा जॉन ह्यूजची, दिग्दर्शन हॉवर्ड ड्यूचचं. श्रीमंत घरचा ब्लेन गाडीतून घरी सोडायला निघतो आणि गरीब घरातली अँडी अडून बसते, आपण कुठे राहतो ते त्याला दिसायला नको म्हणून. त्या एका नकारात तिची अख्खी गल्ली येते.

शेवटाची गंमत तर वेगळीच. आधी अँडी तिच्या जुन्या मित्राबरोबर, डकीबरोबर, दाखवली होती. प्रदर्शनाआधीच्या चाचणी खेळाच्या प्रेक्षकांना ते रुचलं नाही, म्हणून शेवट बदलून पुन्हा चित्रित केला. तोवर ब्लेन झालेल्या अँड्र्यू मॅकार्थीने एका नाटकासाठी डोकं भादरलं होतं, त्यामुळे त्या प्रसंगात त्याच्या डोक्यावर केसांचा टोप आहे. प्रेक्षकांनी श्रीमंत मुलाला जिंकवलं, तेही टोपासकट! पुढच्याच वर्षी ह्यूज-ड्यूच जोडीने 'सम काइंड ऑफ वंडरफुल'मध्ये उट्टं काढलं. तिथे कीथ कॉलेजसाठी साठवलेल्या पैशांतून अमांडासाठी हिऱ्याच्या कुड्या घेतो, आणि शेवटी त्या जातात त्याच्या जुन्या मैत्रिणीच्या, ड्रम वाजवणाऱ्या वॉट्सच्या कानात.

हा साचा उचलून नाशकात आणला तर दोन ठिकाणी फसतो. एक, आपल्याकडे गणवेश असतो, कपड्यांवरून कळत नाही. मग डबा बघा, दप्तराची शिवलेली चेन बघा, क्लासची फी किती हप्त्यांत भरली जाते ते बघा. दुसरं, इथे ऐपतीच्या मागे जात उभी असते. ती गाळून नुसती गरिबी ठेवली की कथा खोटी वाटते. 'फँड्री'त नागराज मंजुळे तो आडपडदा ठेवत नाहीत. जब्या डुकरामागे धावतोय, तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळं घर जागच्या जागी थांबतं. डुक्कर मात्र चालत राहतं. आणि जिच्यासाठी तो जीव टाकतो, ती शालू त्याच शाळेत आहे.

नवखे लेखक आणखी एक चूक हमखास करतात: श्रीमंत मुलाला पहिल्याच प्रसंगात उद्धट करून टाकतात. मग मुलीला तो का आवडला, याचं उत्तरच उरत नाही. तो चांगलाच असू द्या. मित्रांसमोर तिची ओळख द्यायला दोन सेकंद उशीर करतो, एवढंच. तेवढा उशीर पुरतो.

प्रॉमच्या, म्हणजे अमेरिकी शाळांतल्या वर्षअखेरच्या नाचाच्या समारंभाच्या, जागी आपल्याकडे दहावीचा निरोप समारंभ आहे. अँडी दोन पोशाख उसवून एक शिवते. आपली मुलगी आईची साडी नेसेल, ब्लाउज मावशीचा असेल, दोन्ही बाजूंनी आत घेतलेला. कॅमेरा पाठीमागे न्या. टाके हाताचे आहेत, दोऱ्याचा रंग किंचित वेगळा आहे, आणि ती सगळा कार्यक्रमभर पदर पाठीवरून ओढून खांद्याशी घट्ट धरून आहे.